गाठ फेडणे, कर्ज फेडणे : इंग्रजीतला ‘सॉल्व्हंट’ कसा वाचावा

इंदूरमधील मराठी घरांतून नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींना पहिल्याच वर्षी जे इंग्रजी कागद हाताळावे लागतात, त्यांत ‘सॉल्व्हंट’ हा शब्द वारंवार येतो, आणि दर वेळी कागदाचा विषय वेगळाच असतो. वकिलाकडे काम करणाऱ्याला तो जामिनाच्या आदेशात दिसतो, सीएच्या कचेरीत शिकणाऱ्याला ताळेबंदावरील टिपणात दिसतो, बँकेतल्या माणसाला दाखल्यावर, हार्डवेअरच्या दुकानात बसणाऱ्याला डब्यांवर आणि मंडीशी संबंध असलेल्याला थेट भावपत्रकात दिसतो. शाळेत मात्र हा शब्द एकाच अर्थाने शिकवलेला असतो. इथल्या हिंदी माध्यमाच्या पुस्तकात त्याला ‘विलायक’ म्हटले आहे, आणि महाराष्ट्रात शिकून आलेल्यांना तो ‘द्रावक’ म्हणून माहीत असतो. हा अर्थ खरा आहे, परंतु कचेरीतल्या दहा कागदांपैकी बहुतेकांवर तो लागू पडत नाही.

मी रामबागेत संध्याकाळी कार्यालयीन इंग्रजीचा वर्ग घेतो. त्या वर्गातील एका मुलाच्या शेजाऱ्यांवर आलेला प्रसंग आधी सांगतो, कारण या लेखाची गरज मला त्या प्रसंगामुळेच वाटली. शेजाऱ्यांच्या मुलाला जामीन मंजूर झाला होता आणि आदेशात असे वाक्य होते : ‘ऑन फर्निशिंग अ पर्सनल बाँड ऑफ रुपीज फिफ्टी थाउजंड विथ वन सॉल्व्हंट शुअरिटी ऑफ द लाइक अमाउंट’, म्हणजे पन्नास हजारांचे स्वतःचे हमीपत्र आणि तेवढ्याच रकमेचा एक ‘सॉल्व्हंट’ जामीनदार दिल्यावर. मध्य प्रदेशातील न्यायालयांच्या आदेशांत ही शब्दरचना जवळजवळ ठरलेली असते. घरच्यांनी शब्दाचा अर्थ मोबाइलमध्ये पाहिला, तेथे ‘विलायक’ असे उत्तर आले, त्याचा काही बोध होईना, म्हणून तो शब्द बाजूला ठेवून त्यांनी उरलेले वाक्य वाचले आणि एक जामीनदार पुरे आहे एवढेच मनात धरले. ते आपल्या नात्यातील एका निवृत्त शिक्षकांना घेऊन गेले. माणूस अत्यंत प्रतिष्ठित, पण आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिलेला; नावावर जमीन नाही, मकान नाही. न्यायालयात ऋणपुस्तिका (शेतजमिनीची मालकी आणि तिच्यावरील कर्ज यांची नोंद असलेले पुस्तक) किंवा मालमत्तेची कागदपत्रे मागितली गेली आणि ती नव्हती. दुसरा जामीनदार मिळेपर्यंत त्या मुलाला आणखी दोन रात्री आत काढाव्या लागल्या. बाजूला ठेवलेल्या त्या एका विशेषणातच सगळी अट होती.

पहिली पायरी : मूळ अर्थ मराठीतूनच पकडावा

शब्दकोशात या शब्दाचे दोन अर्थ एकाखाली एक दिलेले असतात : विरघळवणारा पदार्थ, आणि देणे चुकते करण्यास समर्थ असलेला. नवशिक्याला हे दोन स्वतंत्र शब्द वाटतात आणि तो ते पाठ करू लागतो. तसे करण्याची आवश्यकता नाही, कारण इंग्रजी भाषकाला जी जोडणी सहज दिसत नाही, ती मराठी माणसाच्या तोंडात रोज असते.

‘सॉल्व्हंट’च्या मुळाशी लॅटिन ‘सोल्वेरे’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ सैल करणे, मोकळे करणे, आणि त्यातूनच पुढे, देणे चुकते करणे. आता आपले ‘फेडणे’ आठवावे. आपण गाठ फेडतो, नेसलेले वस्त्र फेडतो, कर्ज फेडतो आणि नवसही फेडतो. शंका फिटते, अंधार फिटतो, ऋणही फिटते. बांधलेले सुटणे आणि देणे चुकते होणे या दोन्ही गोष्टी मराठीने एकाच धातूत ठेवल्या आहेत. ‘सोडवणे’ही त्याच वाटेने जाते : गाठ सोडवतात, गणित सोडवतात आणि सराफाकडे गहाण पडलेल्या पाटल्याही सोडवूनच आणतात. प्राचीन रोमन लोक देवाला बोललेला नवस पूर्ण झाला की शिलेवर ‘वोटुम सोल्विट’ असे कोरून ठेवत. त्याचे मराठी ‘नवस फेडला’ असेच होते, एक अक्षर वाढवावे लागत नाही.

म्हणून ‘सॉल्व्हंट’ म्हणजे ‘फेडणारा’ असे मनाशी पक्के करावे. मिठाचा खडा पाण्यात पडला की त्याचे कण एकमेकांपासून सुटतात आणि पाण्यात पसरतात. तेथे पाणी हे सॉल्व्हंट. कर्जाच्या बंधनातून स्वतःला सोडवण्याची ज्याची ऐपत आहे तो माणूसही सॉल्व्हंट. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ सतराव्या शतकापासून शेजारी शेजारी चालत आले आहेत.

दुसरी पायरी : शब्दाच्या आजूबाजूला पाहावे

मूळ कळले तरी समोरच्या वाक्यात कोणता अर्थ घ्यायचा, हा प्रश्न राहतोच. त्यासाठी शब्दकोश उघडण्यापूर्वी शब्दाचे शेजारी पाहावेत. ‘सॉल्व्हंट’च्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ असेल आणि पुढे दुसरे नाम नसेल, किंवा शब्द ‘सॉल्व्हंट्स’ असा अनेकवचनी असेल, तर तो पदार्थ आहे. ‘ॲसिटोन इज अ गुड सॉल्व्हंट फॉर नेल पॉलिश’ हे त्याचे उदाहरण; येथे ‘फॉर’नंतर काय विरघळते ते सांगितलेले असते. याउलट ‘इज’, ‘स्टे’, ‘रिमेन’ किंवा ‘कीप’ यांच्यापाठी शब्द एकटाच, ‘अ’शिवाय आला असेल, तर विषय पैशांचा आहे. ‘द फर्म इज स्टिल सॉल्व्हंट’ म्हणजे पेढी अजून देणी भागवू शकते. ‘शी टुक ट्यूशन्स टु कीप द फॅमिली सॉल्व्हंट’ म्हणजे घर कर्जात बुडू नये म्हणून तिने शिकवण्या घेतल्या.

एका ‘अ’ने केवढा फरक पडतो, हे लिहिताना विशेष लक्षात ठेवावे. ‘माय अंकल इज सॉल्व्हंट’ हे ठीक आहे. ‘माय अंकल इज अ सॉल्व्हंट’ असे लिहिले, तर काका हे रसायन ठरतात.

शब्दाच्या पुढे दुसरे नाम जोडलेले असेल, तर ते नाम कोणत्या जगातले आहे ते पाहावे. ‘सॉल्व्हंट शुअरिटी’, ‘सॉल्व्हंट कंपनी’, ‘सॉल्व्हंट बॉरोअर’ यांत ते नाम माणसाचे किंवा संस्थेचे आहे, म्हणून अर्थ ऐपतीचा. ‘सॉल्व्हंट सिमेंट’, ‘सॉल्व्हंट प्लांट’, ‘सॉल्व्हंट-बेस्ड पेंट’ यांत ते वस्तूचे आहे, म्हणून अर्थ विरघळवणाऱ्या पदार्थाचा. ही कसोटी जामिनाच्या त्या वाक्याला लावून पाहिली, तर ‘शुअरिटी’ म्हणजे जामीनदार, तो माणूस असतो, आणि ‘विलायक’ हा अर्थ तेथेच बाद होतो.

तिसरी पायरी : ‘ऐपत’ म्हणजे नेमके काय

येथे थोडे थांबावे लागेल, कारण अर्धवट अर्थ घेतल्याने होणाऱ्या चुका बहुतेक याच ठिकाणी होतात. ‘सॉल्व्हंट’चे भाषांतर नवोदित ‘श्रीमंत’ असे करतात. ते चूक आहे. श्रीमंतीत आपल्याकडे किती आहे ते मोजतात. सॉल्व्हंट असण्यात आपल्याकडचे आणि आपण देणे लागतो ते, या दोहोंची तुलना असते. महिना पंचवीस हजार मिळवणारा आणि कोणाचेही काही देणे नसलेला कारकून पूर्णपणे सॉल्व्हंट असतो. तीन मोटारी दारात उभ्या असलेला व्यापारी नसू शकतो. म्हणूनच इंग्रजीत ‘जस्ट अबाउट सॉल्व्हंट’ किंवा ‘बेअरली सॉल्व्हंट’ असे शब्दप्रयोग चालतात, आणि पगार झाल्यावर एखादा मित्र ‘आय ॲम सॉल्व्हंट अगेन’ असे म्हणतो, तेव्हा तो श्रीमंत झाल्याचे सांगत नसतो. आता उधारी फेडता येईल एवढेच त्याला म्हणायचे असते.

‘प्रॉफिटेबल’ हाही त्याचा समानार्थी नव्हे. एखादी कंपनी यंदा तोट्यात असूनही जुन्या गंगाजळीच्या जोरावर सॉल्व्हंट असू शकते. इतकेच काय, बंद होणारी कंपनीही सॉल्व्हंट असू शकते; स्वेच्छेने कारभार गुंडाळणाऱ्या कंपनीच्या संचालकांना आपल्या कायद्याप्रमाणे ‘डिक्लेरेशन ऑफ सॉल्व्हन्सी’ करावे लागते, म्हणजे आम्ही सर्वांची देणी पूर्ण फेडू शकतो, असे प्रतिज्ञेवर सांगावे लागते.

सर्वांत अवघड भेद ‘सॉल्व्हंट’ आणि ‘लिक्विड’ यांच्यातील आहे, आणि तो उदाहरणानेच कळतो. समजा, जुन्या इंदुरात एका कुटुंबाचा ८० लाखांचा वाडा आहे, डोक्यावर ३० लाखांचे कर्ज आहे आणि बँकेच्या खात्यात ४,००० रुपये आहेत. मालमत्ता देण्यापेक्षा मोठी आहे, म्हणून ताळेबंदाच्या दृष्टीने हे कुटुंब सॉल्व्हंट आहे. परंतु उद्याचा हप्ता भरायला हातात रोकड नाही, म्हणून ते लिक्विड नाही. वाडा वेळेवर विकला गेला नाही आणि हप्ते थकत गेले, तर कर्ज देणारे त्यालाच ‘इन्सॉल्व्हंट’ म्हणू लागतात, कारण देणे ठरलेल्या तारखेला न फेडता येणे ही त्या शब्दाची दुसरी कसोटी आहे. इंग्रजी कागद वाचताना लेखक कोणती कसोटी लावतो आहे, ते पाहावे : मालमत्ता आणि देणी यांची बेरीज-वजाबाकी चालली आहे, की तारखा आणि हप्ते मोजले जात आहेत. त्यावर वाक्याचा अर्थ बदलतो.

आता जामिनाचा आदेश पुन्हा वाचावा. आरोपी तारखेला हजर राहिला नाही, तर ५०,००० रुपये जामीनदाराकडून वसूल करता आले पाहिजेत, एवढीच त्या ‘सॉल्व्हंट’ शब्दाची मागणी आहे. जामीनदार सज्जन आहे का, शिकलेला आहे का, हे तो शब्द विचारत नाही. आमच्या भागात जामीनदाराची ऐपत बहुधा शेतीच्या ऋणपुस्तिकेवरून किंवा घराच्या कागदपत्रांवरून दाखवली जाते. जुन्या मराठीत ‘ऐपतदार जामीन’ हा शब्द होताच. ‘सॉल्व्हंट शुअरिटी’चे याहून चांगले भाषांतर मला माहीत नाही, आणि तो पुन्हा चलनात आला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

‘सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट’ हा त्याच कुळातला कागद. ठेकेदाराला निविदा भरताना किंवा नोंदणी करताना तो लागतो आणि बँक किंवा महसूल कार्यालय तो देते. मध्य प्रदेशातील हिंदी अर्जांवर त्यालाच ‘शोधन क्षमता प्रमाण पत्र’ असे लिहिलेले असते. येथे ‘शोधन’ म्हणजे शोधणे किंवा शुद्ध करणे नव्हे, तर ऋण चुकते करणे. मराठी वाचकाची येथे हमखास गफलत होते. या दाखल्यावर ‘सॉल्व्हंट अप टु’ किंवा ‘टु द एक्स्टेंट ऑफ’ असे शब्द आणि पुढे रक्कम असते, म्हणजे ऐपत मोघम सांगितलेली नसते, तिला मर्यादा घातलेली असते. काही नमुन्यांत ‘सॉल्व्हंट’ हा शब्दच नसतो आणि ‘गुड फॉर एनी एंगेजमेंट अप टु अ लिमिट ऑफ’ असे म्हटलेले असते, अर्थ तोच. शेवटच्या ओळीत बँक स्वतःवर कोणतीही हमी किंवा जबाबदारी घेत नसल्याचे बहुधा लिहिते, तीही ओळ वाचावी.

विमा कंपन्यांच्या जाहिरातींत ‘सॉल्व्हन्सी रेशो’ दिसतो. भारतातील विमा कंपन्यांना तो किमान १.५, म्हणजे १५० टक्के, राखावा लागतो. दावे फेडण्याची ताकद मोजणारा तो आकडा आहे, नफ्याचा नव्हे.

इंदूरचा स्वतःचा ‘सॉल्व्हेंट’

या शहरात राहणाऱ्याला एक अडचण येते, ती पुण्या-मुंबईच्या माणसाला सहसा येत नाही. इथल्या हिंदी वर्तमानपत्रांच्या व्यापार पानावर खाद्यतेलांच्या भावांत ‘सोया रिफाइंड’च्या शेजारी ‘सोया सॉल्व्हेंट’ असा भाव छापलेला असतो, तोही दहा किलोंचा. सियागंजातला दलाल फोनवर ‘सॉल्व्हेंट क्या भाव?’ असे विचारतो, तेव्हा तो तेलाचा भाव विचारत असतो. इंग्रजीत मात्र तेलाला सॉल्व्हंट म्हणत नाहीत.

हे कसे घडले, ते कारखान्यात पाहिले की कळते. माळव्यातला मुख्य माल सोयाबीन. त्यात तेलाचे प्रमाण साधारण १८ ते २० टक्के, म्हणजे शेंगदाणा किंवा तिळाच्या मानाने फारच कमी, त्यामुळे नुसते दाबून ते परवडेल इतके निघत नाही. पेंडीत बरेचसे राहून जाते. म्हणून दाणे फोडून, त्यांचे पातळ पापुद्रे करून त्यांवर हेक्झेन नावाचा द्रव सोडतात. तो पापुद्र्यांतले तेल स्वतःत विरघळवून घेतो. मग हे मिश्रण तापवतात. हेक्झेन सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळतो, तेल त्या तापमानाला जागचे हलत नाही, त्यामुळे हेक्झेनची वाफ वेगळी काढून, थंड करून ती पुन्हा वापरता येते. मागे राहते ते कच्चे तेल, आणि दुसरीकडे जवळजवळ तेलविरहित झालेली पेंड, जिला मंडीत डीओसी, म्हणजे ‘डी-ऑइल्ड केक’, म्हणतात. या सगळ्यात सॉल्व्हंट आहे तो हेक्झेन. कारखान्याला त्याच्यावरून ‘सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन प्लांट’ म्हटले गेले, बोलण्यात त्याचा ‘सॉल्व्हेंट प्लांट’ झाला, आणि तेथून निघणारे तेलही आमच्या बाजारात ‘सॉल्व्हेंट’ झाले.

बोलताना हा शब्द खुशाल वापरावा, बाजारात तोच चालतो. परंतु परगावच्या किंवा परदेशच्या खरेदीदाराला इंग्रजीत पत्र लिहिताना ‘वुई सप्लाय सोया सॉल्व्हंट’ असे लिहू नये, कारण वाचणारा आपण रसायन विकतो असे समजेल. तेथे ‘सॉल्व्हंट-एक्स्ट्रॅक्टेड सोयाबीन ऑइल’ असे पूर्ण लिहावे.

‘इन्सॉल्व्हंट’ आणि त्याचा गोतावळा

‘इन्सॉल्व्हंट’ हा शब्द रोजच्या इंग्रजीत केवळ पैशांच्याच संदर्भात येतो. न विरघळणाऱ्या पदार्थाला ‘इन्सोल्युबल’ म्हणतात. हे लक्षात ठेवले की अर्धा गोंधळ संपतो. कायद्याच्या मराठीत त्याला ‘नादार’ असा नेटका शब्द आहे. ‘बँकरप्ट’ हा त्याच्या पुढचा टप्पा आहे : इन्सॉल्व्हंट असणे ही आर्थिक स्थिती, आणि बँकरप्ट ठरणे हा कायदेशीर निर्णय. २०१६ च्या ‘इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड’च्या नावात हे दोन शब्द वेगवेगळे ठेवले आहेत ते त्यामुळेच. या कायद्याखालील कंपन्यांची प्रकरणे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे चालतात आणि त्याचे एक खंडपीठ इंदूरमध्येही आहे, त्यामुळे इथल्या सीए आणि वकिलांच्या कचेऱ्यांत हे शब्द रोजचे झाले आहेत. कंपनीचा ‘इन्सॉल्व्हन्सी’चा अर्ज दाखल झाला म्हणजे कंपनी संपली, असे समजू नये, आधी ‘रिझोल्यूशन’चा, म्हणजे तिला त्यातून सोडवण्याचा, प्रयत्न केला जातो. ‘रिझोल्यूशन’मध्येही तोच ‘सोल्वेरे’ आहे. ‘इन्सॉल्व्हंट’ हे नाम म्हणूनही वापरतात : आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १०२ मध्ये ‘अनडिस्चार्ज्ड इन्सॉल्व्हंट’ व्यक्तीला संसद सदस्य होता येत नाही, असे म्हटले आहे.

‘सोल्युशन’ हे द्रावण, ‘सोल्यूट’ हा विरघळणारा पदार्थ, ‘सोल्युबल’ म्हणजे विरघळू शकणारे. ‘सॉल्व्हेबल’ मात्र कोड्याला किंवा गणिताला लागते.

डब्यावरील शब्द

हार्डवेअरच्या दुकानात पीव्हीसी नळ जोडण्यासाठी मिळते ते ‘सॉल्व्हंट सिमेंट’. वाळूत कालवतो त्या सिमेंटशी त्याचा काही संबंध नाही. ते नळाचा पृष्ठभाग किंचित विरघळवते आणि दोन्ही तुकडे एकजीव करते. रंगाच्या डब्यावर ‘सॉल्व्हंट-बेस्ड’ असेल तर ब्रश थिनरने धुवावा लागेल, ‘वॉटर-बेस्ड’ असेल तर पाण्याने. ‘युज इन अ वेल-व्हेंटिलेटेड एरिया’ ही ओळ अशा डब्यांवर असते आणि ती गांभीर्याने घ्यावी : खोलीची दारे-खिडक्या उघडी ठेवावीत आणि जवळ विस्तव नसावा, कारण हे द्रव बहुधा चटकन उडून जाणारे आणि पेट घेणारे असतात. ‘सॉल्व्हंट अब्यूज’ हा शब्दप्रयोग बातम्यांत दिसला, तर तो अशाच पदार्थांची वाफ हुंगण्याच्या व्यसनाविषयी असतो. रस्त्यावरची मुले पंक्चरच्या ज्या सोल्युशनला ‘सुलोचन’ म्हणतात, ते त्यातलेच. इतके गोड नाव असलेली ती वस्तू लहान मुलांचा जीव घेऊ शकते, म्हणून हा शब्दप्रयोग प्रत्येकाने ओळखलाच पाहिजे.

लाक्षणिक वापर क्वचित भेटतो. ‘ह्यूमर इज अ सॉल्व्हंट ऑफ टेन्शन’ म्हणजे विनोदाने ताण विरघळतो. येथे ‘ऑफ’ येते. अग्रलेखांपलीकडे तो फारसा लागणार नाही.

उच्चार करताना ‘सॉल्व्हंट’मध्ये जोर ‘सॉल्’वर द्यावा आणि शेवटचे ‘व्हंट’ हलके सोडावे. ‘इन्सॉल्व्हंट’मध्येही जोर ‘सॉल्’वरच राहतो, ‘इन’वर नाही.

लिहिण्याचा सराव

वाचन जमू लागले की एक एक वाक्य स्वतः लिहावे, आणि ते आपल्याच कामातले असावे. ज्या मुलाचा प्रसंग मी सुरुवातीला सांगितला, त्याला मी जामीनदाराच्या शपथपत्रासाठी वाक्य लिहायला सांगितले होते. पहिल्यांदा त्याने ‘द शुअरिटी इज अ व्हेरी रिस्पेक्टेबल अँड रिच पर्सन’ असे लिहिले. त्यात आदर होता, ऐपतीचा पुरावा नव्हता. आम्ही बसून ते बदलले. ‘रिच’ आणि ‘रिस्पेक्टेबल’ काढले, ‘सॉल्व्हंट टु द एक्स्टेंट ऑफ रुपीज फिफ्टी थाउजंड’ असे घातले, आणि लगेच पुढे तो कशावरून सॉल्व्हंट आहे ते लिहिले : सांवेर तहसिलीत त्याच्या नावावर अमुक क्षेत्राची शेती आहे, तिच्यावर कोणत्याही बँकेचा बोजा नाही, आणि ऋणपुस्तिकेची प्रत सोबत जोडली आहे. बोजा नसल्याचे वाक्य त्याने स्वतःहून सुचवले होते. गहाण पडलेली जमीन दाखवून ऐपत कशी सिद्ध होईल, असे त्याने मला विचारले, आणि मग कागद पुढे ओढून ते वाक्य त्यानेच लिहिले.